बातमीदाराच्या हाती जाहिरातीचे पावतीपुस्तक

जिल्हा आणि तालुका पातळीवरील वृत्तपत्रांच्या राजकीय पक्षपाताची चर्चा बहुधा मालकाच्या पक्षनिष्ठेपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. परंतु मराठी पत्रकारितेने उघडपणे बाजू घेणे हा दोष कधीच मानला नाही. मुकुंदराव पाटील यांनी 1910 पासून नगर जिल्ह्यातील खेड्यातून ‘दीनमित्र’ चालवला तो सत्यशोधक विचारांच्या प्रसारासाठी, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी 31 जानेवारी 1920 रोजी सुरू केलेला ‘मूकनायक’ कोणासाठी लढणार आहे हे पहिल्या अंकापासून स्पष्ट होते. उघड पक्षपात नेहमी न्याय्य असतो असे नाही, कारण याच ‘मूकनायक’ची जाहिरात पैसे देऊ करूनही ‘केसरी’ने छापली नव्हती; तरीही पत्राची बाजू ठाऊक असलेला वाचक त्या हिशेबाने मजकूर वाचू शकतो. त्याची खरी फसवणूक होते ती बाजू विकली जाते आणि विक्रीचा व्यवहार त्याच्यापासून लपवला जातो तेव्हा.

पैसे घेऊन बातमीच्या रूपात छापलेल्या अशा प्रचाराला ‘पेड न्यूज’ हे नाव सर्वतोमुखी झाले ते 2009 च्या निवडणुकांनंतर. त्या वर्षीच्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांची स्तुती करणारा एकच मजकूर निरनिराळ्या मराठी दैनिकांत शब्दशः आल्याचे पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’तून दाखवून दिले, आणि भोकर मतदारसंघातील त्यांच्या खर्चाच्या विवरणात वृत्तपत्रीय जाहिरातींपुढे अवघे 5,379 रुपये नोंदलेले आढळले. चव्हाण यांनी आरोप नाकारले. निवडणूक आयोगाने जुलै 2014 मध्ये त्यांच्याविरुद्ध दिलेला आदेश त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने रद्द केला. उत्तर प्रदेशातील बिसौलीच्या आमदार उमलेश यादव यांना मात्र असाच खर्च दडवल्यावरून 2011 मध्ये तीन वर्षांसाठी अपात्र ठरवण्यात आले. याच प्रश्नावर प्रेस कौन्सिलच्या उपसमितीतील परंजॉय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी यांनी वृत्तपत्रांची नावे घेऊन लिहिलेला सविस्तर अहवाल कौन्सिलने 2010 मध्ये बाजूला ठेवला, आणि तो अधिकृतपणे लोकांसमोर येण्यास केंद्रीय माहिती आयोगाचा आदेश लागला. वृत्तपत्रांच्या नीतीची राखण ज्या संस्थेकडे सोपवलेली आहे तिनेच नावे झाकावीत, ही गोष्ट अक्षम्य होती.

या प्रकरणांमुळे लक्ष मोठ्या दैनिकांवर आणि मोठ्या नेत्यांवर खिळून राहिले, आणि बातमीचा सौदा जिथे निवडणूक असो वा नसो वर्षभर चालतो ती तालुक्याची रचना नजरेआड झाली. तालुक्याच्या गावी काम करणारा वार्ताहर बहुतेक ठिकाणी पगारी कर्मचारी नसतो; त्याला मिळालेच तर तुटपुंजे मानधन मिळते, आणि घर चालते ते त्याने आणलेल्या जाहिरातींवरील कमिशनवर, म्हणजे ठरलेल्या टक्केवारीवर. स्वातंत्र्यदिन, दिवाळी, वर्धापनदिनाची पुरवणी, आमदारांचा वाढदिवस अशा प्रत्येक निमित्ताने कार्यालयाकडून त्याला जाहिरातींचे उद्दिष्ट येते आणि थकलेल्या बिलाची वसुलीही त्याच्याच गळ्यात पडते. जाहिरात देण्याची ऐपत असणारी माणसे गावात मोजकीच: नगराध्यक्ष, बाजार समितीचे सभापती, पतसंस्थेचे अध्यक्ष, शिक्षणसंस्थेचे चालक, रस्त्यांची कामे घेणारे ठेकेदार. ज्यांच्या कारभाराची विचारपूस करायची त्यांच्याच दारात पावतीपुस्तक घेऊन उभे राहावे लागत असेल, तर त्या वार्ताहराच्या लेखणीला दोष देऊन मालकांना हात झटकता येणार नाहीत.

याची किंमत वाचक कशी मोजतो, हे साखर कारखान्याच्या बातम्यांत सर्वांत ठळकपणे दिसते. ऊस (नियंत्रण) आदेश, 1966 नुसार ऊस कारखान्याला पोचल्यापासून 14 दिवसांत एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला रास्त आणि किफायतशीर दर, शेतकऱ्याला द्यावा लागतो आणि विलंब झाल्यास वार्षिक 15 टक्के व्याज देय होते. कोणत्या कारखान्याने किती रक्कम थकवली आणि साखर आयुक्तांनी कोणावर महसुली वसुलीचे आदेश काढले, ही ऊस उत्पादकाच्या घरातली पहिल्या क्रमांकाची बातमी असते. तिच्या जागी अध्यक्षांच्या वाढदिवसाची पानभर जाहिरात आणि वार्षिक सभा खेळीमेळीच्या वातावरणात पार पडून सर्व विषय एकमताने मंजूर झाल्याचे वृत्त येते, तेव्हा सभेत विचारले गेलेले आणि उत्तराविना राहिलेले प्रश्न गावाच्या नोंदीतून कायमचे पुसले जातात. अशा अंकात एकही विधान खोटे नसते, म्हणूनच त्याविरुद्ध तक्रार करणेही कठीण होते.

सध्याची नियंत्रणे या रोगापर्यंत पोचत नाहीत. जिल्हास्तरीय माध्यम प्रमाणन व संनियंत्रण समिती निवडणुकीच्या काळात संशयित मजकूर तपासते आणि त्याचे जाहिरातीच्या दराने मूल्य काढून ते उमेदवाराच्या खर्चात धरता येते. वृत्तपत्राचे प्रकरण मात्र प्रेस कौन्सिलकडे जाते, जिला 1978 च्या कायद्याने समज देणे, ताकीद देणे किंवा निषेध नोंदवणे यापलीकडे शिक्षेचा अधिकार दिलेला नाही. पेड न्यूज हा स्वतंत्र निवडणूक गुन्हा ठरवावा, अशी शिफारस विधी आयोगाने आपल्या 255 व्या अहवालात मार्च 2015 मध्ये केली होती. ती अमलात यायलाच हवी, पण मतदान आटोपल्यावर उरणाऱ्या काळाला तीही पुरी पडणार नाही.

त्यासाठी वृत्तपत्रांना आपल्या घरातच बदल करावा लागेल. वार्ताहराला जाहिरातीच्या कामातून पूर्णपणे मोकळे करून ते काम वेगळ्या माणसाकडे द्यावे, आणि बातमीसाठी निदान जगण्यापुरते निश्चित वेतन द्यावे. छोट्या साप्ताहिकांना हे परवडत नाही, हे म्हणणे खरे आहे, कारण त्यांतील अनेक पत्रे शासकीय जाहिराती आणि निविदा सूचनांच्या उत्पन्नावर कशीबशी तग धरून आहेत. म्हणून शासकीय जाहिरातींची बिले वेळेवर मिळणे आणि त्यांचे वाटप सत्ताधाऱ्यांच्या मर्जीऐवजी जाहीर निकषांवर होणे, ही या मागणीचीच दुसरी बाजू आहे. फेब्रुवारी संपल्यावर निघणाऱ्या पहिल्या अंकात वृत्तपत्रे चौथ्या नमुन्यातील निवेदन छापत आली आहेत, ज्यात मालक, मुद्रक, प्रकाशक आणि एक टक्क्याहून अधिक भांडवल धारण करणारे भागीदार यांची नावे असतात. त्याच चौकटीखाली वर्षभरात शासन, सहकारी संस्था, राजकीय पक्ष आणि लोकप्रतिनिधी यांच्याकडून मिळालेल्या जाहिरातींच्या रकमा छापण्यास कोणत्याही कायद्याची आडकाठी नाही, आणि जिल्ह्यातील एखाद्या पत्राला ते येत्या मार्चपासूनही सुरू करता येईल.