उस्तादाचा पहिला धडा

मराठवाड्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी बसस्टँडच्या आसपास दुचाकी दुरुस्तीची गॅरेजं दिसतात. त्यातली बरीचशी मुसलमान उस्तादांची. दसऱ्याला तिथल्या पान्यांनाही झेंडूचा हार असतो आणि जुम्म्याला दुपारी शटर अर्धं खाली येतं. मुसलमान कामगार मोठ्या प्रमाणात स्वयंरोजगारात आणि असंघटित क्षेत्रात आहे, हे सच्चर समितीने २००६ च्या अहवालात सांगितलं. त्या अहवालावर आपण शिष्यवृत्ती, आरक्षण, बँकेचं कर्ज यांविषयी पुष्कळ बोललो. पण ज्या हातांवर ही घरं चालतात, ते हात शाबूत कसे राहतील, यावर बोलणं राहूनच गेलं.

गॅरेजात बोट जाण्याची सगळ्यात सोपी जागा म्हणजे चेन. गाडी डबल स्टँडवर, इंजिन चालू, गिअर टाकलेला आणि पोरगा फिरत्या चेनवर फडकं धरून बसलेला. फडक्याचं टोक स्प्रॉकेटमध्ये अडकलं की हात मागे घ्यायला वेळच मिळत नाही. काम तेच, पण इंजिन बंद करून, किल्ली काढून, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून चाक हाताने फिरवलं तर पाच मिनिटं जास्त लागतात. बोट वाचतं.

बाकीच्या सवयीही अशाच. टाकीतलं पेट्रोल नळीने तोंडाने ओढायचं. घोट फुप्फुसात गेला तर जिवावर बेततं. पेट्रोलने सुटे भाग धुवायचे आणि शेजारीच बिडी. ब्रेकचा ड्रम उघडून फुंकर मारायची. ब्रेक शूच्या त्या धुळीत अॅस्बेस्टॉस असू शकतं आणि ते कर्करोगाला कारण होतं. ओल्या फडक्याने पुसलं की धूळ उडतच नाही. पावसाळ्यात शटर ओढून आत इंजिन चालू ठेवायचं. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. कंप्रेसरच्या हवेने एकमेकांची मस्करी करायची. अशा मस्करीत आतडी फुटून माणसं मेलेली आहेत. त्यात एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं. आता बहुतेक नव्या गाड्यांत पेट्रोल दाबाखाली इंजेक्टरकडे जातं. कार्बोरेटरच्या सवयीने नळी उपसली, तर गरम सायलेन्सरवर फवारा उडू शकतो.

यावर उस्ताद म्हणतात, ‘वीस वर्षं झाली, काही झालं नाही. अल्लाह मालिक है.’ मालिक तर तोच आहे. पण शरीर ही त्याची अमानत आहे, आणि अमानत निष्काळजीपणे वापरण्याला तवक्कुल म्हणत नाहीत. आधी खबरदारी, मग भरोसा, हेच आपल्याला शिकवलं गेलं आहे. शिवाय उस्तादाची बोटं वीस वर्षांच्या सरावाने सावध झालेली असतात. त्याचं पाहून तसंच करणाऱ्या पोराची नसतात.

विमा काढा, असं कुणी सांगेल. जरूर काढावा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यूला २ लाख मिळतात, एक हात कायमचा निकामी झाला तर १ लाख. पण नुसती दोन बोटं गेली तर काहीच नाही. आणि मेकॅनिकचा धंदा बसायला तेवढी पुरतात. ही योजना १८ वर्षांपुढच्यांसाठी आहे, म्हणजे पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा त्यातही बसत नाही. चौदा वर्षांखालच्याला तर कामावर ठेवायलाच कायद्याने बंदी आहे. तरी ‘छोटू’ दिसतोच, आणि आपण त्याच्याच हाती गाडी देऊन ‘लवकर कर रे’ म्हणतो.

म्हणून माझं म्हणणं उस्तादांइतकंच गिऱ्हाइकांनाही आहे. तासाभराची घाई आपली असते, धोका त्या पोराचा. हातमोजे, चष्मा, वाळूची बादली आणि आग विझवायचं छोटं सिलिंडर यांचा खर्च एका बऱ्या टायरच्या आसपास येतो. मोहल्ल्याच्या जमातीने इफ्तारच्या वर्गणीतून थोडं बाजूला काढलं तर दरवर्षी दोन-चार गॅरेजांची सोय होईल.

उस्ताद शागिर्दाला पहिल्या दिवशी पान्यांचे नंबर शिकवतो. त्याआधी एक वाक्य शिकवावं: इंजिन बंद झाल्याशिवाय हात आत घालायचा नाही.