भिंतीवरचे चित्र आणि कागदावरचे चित्र

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात गेलेला मराठी यात्रेकरू प्राकाराच्या भिंतीपाशी हमखास थबकतो. दुसऱ्या सरफोजी राजांनी १८०३ साली कोरविलेला भोसले कुळाचा मराठी इतिहास तेथे सर्वांसमोर उभा आहे. पण वाचकहो, याच मंदिरातील दुसरा एक ठेवा मुळातून पाहण्याचे भाग्य फार थोड्यांस लाभते.

गाभाऱ्याभोवतीच्या अंधाऱ्या प्रदक्षिणामार्गात राजराज चोळाच्या काळची, सुमारे हजार वर्षांपूर्वीची भित्तिचित्रे आहेत. नायक राजवटीत त्यांवर नवी चित्रे रंगविली गेली आणि जुनी झाकली गेली. १९३१ साली एस. के. गोविंदस्वामी यांनी ती उजेडात आणली. माणसांच्या श्वासातील दमटपणा अशा रंगांना बाधक असतो. म्हणून हा मार्ग सर्वसामान्यांस खुला नाही. शिवाय वाट इतकी अरुंद, की चित्र नीट पाहण्यासाठी मागे सरावे तर पाठ भिंतीला टेकते.

येथे डिजिटल छपाई उपयोगी पडते. चित्राची तुकड्यातुकड्याने छायाचित्रे घेऊन संगणकावर ती जोडतात. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने २०११ साली या चित्रांवर ग्रंथच प्रसिद्ध केला. पांढऱ्या हत्तीवरून कैलासास निघालेले संत सुंदरर असे अखंड पाहणे प्रत्यक्ष भिंतीसमोर उभ्या असलेल्यासही साधत नाही.

मात्र अशा छपाईची कसोटी रंगांत आहे. छायाचित्र घेताना चित्राशेजारी ठराविक रंगांची पट्टी ठेवतात आणि छापताना तिच्याशी ताळा पाहतात. एरवी गेरूचा तांबडा केव्हा तपकिरी झाला, हे कळतही नाही. विद्राव्य रंगांऐवजी रंगद्रव्याची शाई आणि आम्लरहित सुती कागद वापरल्यास छाप दीर्घकाळ टिकते.

तरीही एक गोष्ट छपाईस साधत नाही. तंजावरच्या प्रसिद्ध फलकचित्रांत उठाव देऊन त्यावर सोन्याचा वर्ख चढवितात. छापील सोने म्हणजे केवळ पिवळा रंग. आपण असे चित्र विकत घेणार असाल, तर ते दिव्यापाशी किंचित तिरपे करून पाहावे. खऱ्या वर्खावरील झळाळी जागा बदलते, छापील सोन्यावरची जागची हलत नाही. छापील प्रत घेण्यात कमीपणा नाही. पण ती प्रत म्हणून, प्रतीच्याच किमतीस घ्यावी. कारण छापील चित्रास हातच्या कामाचे मोल दिले, तर वर्ख लावणाऱ्या कारागिराची मजुरी बुडते.