कार्ड उजळू द्या, सेल सांभाळा

तांब्याची चिकटपट्टी, एलईडी आणि ३ व्होल्टचा बटण सेल. एवढ्यावर मुले दिवाळीचे उजळणारे शुभेच्छापत्र बनवतात. एलईडीचा लांब पाय सेलच्या धन बाजूला जोडला नाही, तर दिवा लागत नाही. विद्युत परिपथ असा हातातून समजतो, म्हणून हा उपक्रम शाळाशाळांत व्हायलाच हवा.

मात्र २० मिलिमीटरचा तो सेल धाकट्या भावंडाच्या अन्ननलिकेत अडकला, तर ओलाव्यातून वीज वाहून दाहक अल्कली तयार होते आणि २ तासांतही गंभीर जखम होऊ शकते. अशा वेळी उलटी करवू नये. तातडीने रुग्णालय गाठावे. शिक्षकांनी सेल मोजून द्यावेत, मोजूनच परत घ्यावेत. घरी कार्ड जावे, सुटा सेल नव्हे.