“ब्लॉग कोण वाचतं आता?” असं विचारणाऱ्यांना

गेल्या काही वर्षांत आपल्या लिहित्या मुलामुलींमध्ये एक वाक्य फार चालतं: “ब्लॉग कोण वाचतं आता? रील टाक.” बैठकीनंतरच्या गप्पांत, व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर, चहाच्या टपरीवर हे इतक्यांदा ऐकलं की आता उत्तर लिहूनच द्यायला हवं. माझं म्हणणं सरळ आहे. ब्लॉग आजही कामाचा आहे, आणि मराठी मुसलमान तरुणाला तो इतरांपेक्षा जास्त कामाचा आहे. फक्त पंधरा वर्षांपूर्वी लोक ज्या आशेने ब्लॉग काढत होते, ती आशा सोडून द्यायला हवी.

समोरच्याचं जेवढं खरं आहे तेवढं आधी मान्य करू. ब्लॉगर १९९९ मध्ये सुरू झालं, २००३ मध्ये गूगलने ते विकत घेतलं. पुढे युनिकोडमुळे देवनागरीत लिहिणं सोपं झालं आणि मराठी ब्लॉगांचं पीक आलं. लोक एकमेकांचं वाचत, भांडत, दाद देत. जुलै २०१३ मध्ये गूगल रीडर बंद झालं. तोवर वाचक फेसबुककडे वळला होताच, तिथून तो इन्स्टाग्रामवर गेला. पैसा तर त्यात कधीच नव्हता. मराठी ब्लॉगच्या जाहिरातींवर घर चालवणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. तेव्हा ‘ब्लॉग लिहून नाव होईल, पोट भरेल’ असं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

पण मग एक प्रश्न मी विचारते. ब्लॉग सोडून दुसरीकडे जे लिहिलं, ते आज कुठे आहे? ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. गूगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये गेलं. याहू ग्रुप्स २०२० च्या अखेरीस गेले. टिकटॉकवर २९ जून २०२० ला बंदी आली आणि आपल्या वस्त्यांतल्या किती पोरापोरींची मेहनत एका आदेशात बसली. फेसबुक चालू आहे, पण तुमच्या मित्राने २०१६ मध्ये लिहिलेली एखादी चांगली पोस्ट आत्ता शोधून दाखवा. व्हॉट्सअॅपवर तर तिसऱ्या फॉरवर्डला लेखकाचं नाव गळतं आणि पाचव्याला त्या जागी भलत्याचंच नाव येतं. रील दोन दिवस धावते आणि तिसऱ्या दिवशी तिला कोणी विचारत नाही. वाचक मिळणं ही एक गोष्ट झाली. लिहिलेलं नावानिशी, तारखेनिशी, शोधल्यावर सापडेल असं राहणं ही दुसरी. आपण पहिलीच्या मागे धावताना दुसरी गमावली.

ही दुसरी गोष्ट आपल्यासाठी मोठी का आहे?

११ जुलै २००६ ला मुंबईच्या पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये स्फोट झाले. त्या दिवसांत ‘मुंबई हेल्प’ नावाच्या ब्लॉगवरून जखमींची, बेपत्तांची माहिती लोक एकमेकांना देत होते. काही दिवसांतच सरकारने मोजकी पानं बंद करायचा आदेश काढला आणि इंटरनेट कंपन्यांनी अख्खं ब्लॉगस्पॉटच बंद करून टाकलं. म्हणजे ब्लॉग निरुपयोगी नाही हेही त्याच आठवड्यात दिसलं, आणि दुसऱ्याच्या जागेवरच्या घराला कुलूप लावणं किती सोपं आहे हेही.

त्याच खटल्याची पुढची गोष्ट आपण विसरता कामा नये. शाळेत शिकवणारे अब्दुल वाहिद शेख नऊ वर्षं तुरुंगात काढून २०१५ मध्ये निर्दोष सुटले. त्याच निकालात शिक्षा झालेल्या १२ जणांना मुंबई उच्च न्यायालयाने २१ जुलै २०२५ ला निर्दोष ठरवलं. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं आहे. एकोणीस वर्षं या माणसांबद्दल दुसऱ्यांनीच लिहिलं. वाहिद शेख यांनी मात्र तुरुंगात कागद-पेन हाती घेतलं आणि ‘बेगुनाह कैदी’ हे पुस्तक लिहिलं. त्यांची बाजू आज आपल्यासमोर त्यांच्याच शब्दांत आहे, कारण त्यांनी ती लिहून ठेवली. ज्यांनी लिहिलं नाही, त्यांच्याबद्दल आपण बातमीत छापलं तेवढंच जाणतो.

आता रोजच्या लिखाणाकडे येऊ. मराठी वर्तमानपत्रांना आपली आठवण दोनदा होते. ईद आली की शिरखुर्म्यावर लेख हवा असतो, आणि तलाक, हिजाब किंवा भोंगा पेटला की ‘मुस्लिम तरुणीचं मत’ हवं असतं, सहाशे शब्दांत, संध्याकाळी पाचच्या आत. मी कोपरीत राहते. माझा दिवस ठाणे स्टेशनच्या पुलावरच्या रेटारेटीत, पाण्याच्या वेळा सांभाळण्यात आणि घरभाड्याच्या हिशोबात जातो. यातलं काहीच ‘मुस्लिम प्रश्न’ नाही, म्हणून ते माझ्याकडे कोणी मागत नाही. आणि आपण ते लिहीत नाही, म्हणून मुसलमान माणूस मराठीत फक्त सणाला आणि वादाला दिसतो. मराठीत आपल्याबद्दल काही शोधणाऱ्यासमोर काय येतं, ते एकदा स्वतः पाहा. आता तर लोक यंत्राला प्रश्न विचारतात आणि यंत्र जे लिहिलेलं आहे त्यावरूनच उत्तर देतं. आपण लिहिलेलं नसेल तर आपल्याबद्दल दुसऱ्याचं लिहिलेलं देईल.

भाषेचीही गोष्ट आहे. कौसा, कल्याण, भिवंडीच्या कोकणी मुसलमान घरांतली बोली, सोलापूर-मराठवाड्याहून इकडे आलेल्यांची दखनी, हे सगळं छापून येताना ‘शुद्ध’ होतं. एका अंकात माझ्या लेखातल्या खालाची मावशी झाली, तेवढं चाललं असतं. पण तिचा इंतकाल झाला होता, त्याचा ‘स्वर्गवास’ झाला! ब्लॉगवर खाला खालाच राहते. माझ्या कोपरीत फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांची मोठी वस्ती आहे. सिंधीला १९६७ मध्ये राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत जागा मिळाली, पण अरबी लिपी की देवनागरी हा वाद राहिलाच. आजोबांचं पत्र नातवाला वाचता येत नाही अशी घरं इथे आहेत. भाषेला कागदावरची मान्यता मिळाली तरी घरात लिहिणारं कोणी उरलं नाही की ती स्वयंपाकघरापुरती उरते. कोकणी मुसलमानांच्या बोलीला आणि दखनीला तर ती वेगळी मान्यताही नाही.

“पण लिहून अंगावर कशाला घ्यायचं?” हा प्रश्न खरा आहे, भित्रेपणाचा नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघर आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं. तिथल्या दोन तरुणींना मुंबई बंदबद्दलच्या फेसबुक पोस्टवरून अटक झाली. एकीने लिहिलं होतं, दुसरीने नुसतं लाइक केलं होतं. त्यातलं ६६-अ कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ ला रद्द केलं. २०२१ मध्ये ‘सुल्ली डील्स’ आणि १ जानेवारी २०२२ ला ‘बुल्ली बाई’ या नावाने बोलक्या मुस्लिम बायकांचे फोटो लिलावाला लावले गेले. ब्लॉग लिहिल्याने हा धोका टळत नाही. पण एका ओळीच्या स्क्रीनशॉटसमोर संपूर्ण मांडणी दाखवायला जागा असते. आणि मैत्रिणींनो, टोपणनाव घेणं, फोटो न लावणं, चौघींनी मिळून एकाच नावाने लिहिणं यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

आपल्या आधीच्यांनी मोठ्या व्यासपीठाची वाट पाहिली नव्हती. हमीद दलवाईंनी २२ मार्च १९७० ला मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केलं, मंडळाने स्वतःची पत्रिका चालवली. १९९० मध्ये सोलापूरला पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं, त्यामागे फकरुद्दीन बेन्नूर आणि त्यांचे सहकारी होते. बेन्नूर सरांना दलवाईंची मांडणी पटत नव्हती. आज आपण त्या दोघांपैकी कोणाचंही ऐकू शकतो, दोघांशीही भांडू शकतो, कारण दोघांनीही लिहून ठेवलं. आपला वाद उद्या कोणाला सापडेल का?

म्हणून ब्लॉग काढा, पण डोळे उघडे ठेवून. कंपनीची फुकट जागा म्हणजे भाड्याचं घर. अमेरिकेतलं टाइपपॅड दोन दशकं चालून ३० सप्टेंबर २०२५ ला बंद पडलं. एकट्याने जमत नसेल तर पाच-सहा जणांनी वर्गणी काढून स्वतःच्या नावाचा पत्ता घ्या. प्रत्येक लेखाची प्रत स्वतःकडे ठेवा, एक इंटरनेट अर्काइव्हवर जपा. लेखाखाली तारीख आणि गाव लिहा. रील जरूर करा, पण तिने वाचकाला लेखापर्यंत आणलं पाहिजे. आणि वर्षातून एकदा निवडक लेखांचं साधं बाड छापून वाचनालयात द्या. ठाण्यात १८९३ पासूनचं मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, तिथे जाऊन विचारा.

पहिल्या लेखाला अकरा वाचक मिळतील, त्यातले चार तुमच्याच घरातले. मिळू देत. दहा वर्षांनी कोणी मुंब्र्याची, कौशाची, कोपरीची गोष्ट मराठीत शोधेल, तेव्हा त्याला आपल्यापैकी कोणीतरी लिहिलेलं पान सापडलं पाहिजे.