नांगर त्यांचा, कागद सरकारचा



ऑस्ट्रेलिया म्हटले की आपल्या घरातील पोरांना क्रिकेट आठवते. अलीकडे वस्तीतील शिकलेली मुले मेलबर्न-सिडनीकडे जाऊ लागली आहेत, त्यामुळे आई-बापांना व्हिसा आणि फी आठवते. तिथल्या खेड्यांचा विषय मात्र आपल्याकडे कोणी काढत नाही. शे-दोनशे माणसांची वस्ती, नजर पोचेल तिथवर गहू, एक शाळा, एक सभागृह, रेल्वेच्या कडेला धान्याची उंच कोठारे. फोटो पाहिला की वाटते, किती निवांत जागा! वेस नाही, गावकूस नाही, वरची आळी-खालची आळी नाही. पण जमीन कोणाच्या नावावर आहे हे पाहिल्याशिवाय खेड्याचा स्वभाव कळत नाही, असे आम्ही कारकुनी करणारे लोक मानतो. म्हणून आज तिथल्या एकाच खेड्याचे दप्तर उघडून पाहू.

न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरिया या दोन राज्यांच्या सीमेवरून मरे नदी वाहते. तिच्या उत्तर काठावर कमेरागंजा नावाची लहानशी वस्ती आहे. लोक तिला नुसतेच 'कमेरा' म्हणतात. हा सारा मुलूख योर्टा योर्टा या मूळनिवासी समाजाचा. नदीत मासा, काठाला लाल गमच्या झाडांचे दाट रान, यावर त्यांच्या कित्येक पिढ्या जगल्या. एकोणिसाव्या शतकात गोरे मेंढपाळ आले. मेंढ्यांनी गवत खाल्ले, शिकार संपली, रान कुंपणात गेले आणि मालक होता तो आपल्याच भूमीवर मजूर झाला.

1874 साली डॅनियल मॅथ्यूज नावाच्या मिशनऱ्याने जवळच मलोगा येथे या लोकांसाठी आसरा उघडला. तिथे डोक्यावर छप्पर मिळाले, पण पोटाची सोय दुसऱ्याच्या हातात होती. तेव्हा 1881 साली मलोगाच्या 42 पुरुषांनी न्यू साउथ वेल्सच्या गव्हर्नरांकडे अर्ज केला. आमची सगळी जमीन सरकारने आणि गोऱ्यांनी घेतली, आमचे शिकारीचे रान मेंढ्यांनी भरले, आता आम्हाला शेती करायला आणि जनावरे पाळायला जमिनीचा तुकडा द्या, थोड्याच वर्षांत आम्ही आमच्या पायावर उभे राहू, असा त्याचा मतलब. भीक मागणाऱ्याची ही भाषा नव्हे, हे वाचकांच्या लक्षात आले असेलच. हा अर्ज लक्षात ठेवा. पुढे त्याचे काय झाले ते सांगायचे आहे.

त्याच वर्षी मलोगाला एक तरुण मास्तर आला. नाव थॉमस शॅड्रॅक जेम्स. जन्म 1859 चा, मॉरिशस बेटावरचा, आणि आई-बाप हिंदुस्थानी वंशाचे! डॉक्टर व्हायचे त्याच्या मनात होते, ते आजारपणामुळे राहून गेले. तो या लोकांत आला आणि त्यांचाच होऊन गेला. लग्नही तिथल्याच मुलीशी, अडा कूपर हिच्याशी केले. 1922 पर्यंत, म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षे त्याने शिकवले. दिवसा मुलांना आणि रात्री रानातून दमून आलेल्या मोठ्या माणसांना. बोर्डाच्या शाळांतून मूळनिवासी मुलांना सहसा तिसरीच्या पुढे शिकवीत नसत, अशा काळात हा मास्तर अर्ज कसा लिहावा, सभेत कसे उभे राहावे हे शिकवीत होता. अडाचा भाऊ विल्यम कूपर प्रौढ वयात त्याच्याच वर्गात बसला. आपल्याकडे फुले-आंबेडकरांनी शाळेला एवढे महत्त्व का दिले, हे ज्यांना कळले आहे त्यांना जेम्स मास्तरचे मोल वेगळे सांगायला नको.

1888 साली मलोगाची बहुतेक मंडळी नदीच्या काठाने थोडी वर सरकून कमेरागंजाला राहायला गेली. सरकारने तिथे राखीव जमीन ठेवली होती. लोकांनी गमची झाडे तोडून रान मोकळे केले, नांगरट केली, गहू पेरला. 1890 नंतरच्या दशकात काही कुटुंबांना 27-27 एकरांचे तुकडे कसण्यास मिळाले. 27 एकर ऐकून आपल्याकडील माणूस म्हणेल, केवढी ही जमीन! पण त्या मुलखात वर्षाचा पाऊस सोळा-सतरा इंच, आपल्या माणदेशाची आठवण व्हावी असा. आणि 1861 च्या कायद्याने त्याच राज्यात गोऱ्या माणसाला 320 एकरांपर्यंत जमीन निवडून घेता येत होती. भरीस भर म्हणून 1895 पासून 1902 पर्यंत मोठा दुष्काळ पडला. गोऱ्यांची शेतेही त्यात बुडाली. तरी कमेराचे लोक टिकून राहिले. वस्ती वाढत गेली, चांगली घरे उभी राहिली. फुटबॉलचा संघ तर असा तयार झाला की आसपासची गोरी गावे त्याला वचकून असत.

मग 1907 साली मूळनिवासी संरक्षण बोर्डाने हे तुकडे काढून घेतले.

काढून घेणे सोपे होते, कारण कागदावर ते कधी दिलेच नव्हते. रान मोकळे केले कुटुंबांनी, कुंपण घातले कुटुंबांनी, पण दप्तरात मालक सरकार. त्याच शेतात तीच माणसे आता बोर्डाची मजूर झाली आणि पिकाचा पैसा बोर्डाकडे जाऊ लागला. पुढे बरीच जमीन शेजारच्या गोऱ्या शेतकऱ्यांना भाड्याने दिली गेली. आपल्या आजा-पणज्यांनी वतनाच्या जमिनी कसल्या, त्या कशाच्या बदल्यात आणि कोणाच्या मर्जीवर, हे घराघरात ठाऊक आहे. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाचे बिल मांडले ते यासाठीच. इनाम म्हणून मिळालेली जमीन माणसाला गुलाम कशी करते, हे त्यांनी ओळखले होते. दादासाहेब गायकवाडांनी 1959 आणि 1964 साली भूमिहीनांना रस्त्यावर उतरवले तेही जमिनीसाठीच.

कमेरात यापुढे राज्य मॅनेजरचे. पीठ, साखर, चहा, मांस यांचे रेशन त्याच्या हातात. तोंड वर करून बोलले की रेशन बंद, जास्त बोलले की वस्तीतून हद्दपार. 1909 च्या कायद्याने बोर्डाचे अधिकार वाढले. 1915 च्या दुरुस्तीनंतर तर आई-बापांपासून मूल काढून नेण्यासाठी कोर्टापुढे पुरावा देण्याचीही गरज उरली नाही. मुलींना कूटामुंड्रा येथील गृहात ठेवून घरकाम शिकवीत आणि मग गोऱ्यांच्या घरी मोलकरीण म्हणून पाठवीत. आमच्या माता-भगिनींनी क्षणभर डोळ्यासमोर आणावे: शाळेत गेलेली लेक संध्याकाळी घरी येईल की नाही, याची खात्री नाही. सरकारी गाडीचा आवाज आला की बायका पोरांना नदीकाठच्या रानात लपवीत.

याच काळात पहिले महायुद्ध झाले. विल्यम कूपरचा मुलगा डॅनियल ऑस्ट्रेलियाच्या सैन्यात भरती झाला आणि 1917 साली बेल्जियममध्ये मारला गेला. युद्धावरून परतलेल्या सैनिकांना सरकारने शेतजमिनी वाटल्या. मूळनिवासी सैनिकांचे अर्ज मात्र बहुतेक नाकारले गेले. लढाईच्या वेळी पलटणीत घ्यायचे आणि गरज सरली की दरवाजा बंद करायचा, हा अनुभव महार पलटणीच्या वारसांना नवा नाही.

कूपर यांनी 1933 साली, सत्तरी उलटल्यावर, कमेरा सोडले. राखीव वस्तीत राहणाऱ्या मूळनिवाशाला म्हातारपणाची पेन्शन मिळत नसे. वस्तीबाहेर राहिले तर मिळत असे. मेलबर्नच्या फुट्सक्रे या कामगार भागात त्यांनी खोली घेतली आणि त्या तुटपुंज्या पेन्शनमधून टपाल-कागदाचा खर्च करीत चळवळ चालवली. ऑस्ट्रेलियन अबोरिजिनीज लीग उभी केली. राजा पंचम जॉर्जच्या नावे त्यांनी एक अर्ज काढला. त्यात एक मुख्य मागणी अशी की आमच्या समाजाचा प्रतिनिधी पार्लमेंटात असावा. त्यावर 1814 सह्या गोळा झाल्या, त्याही राखीव वस्त्यांतून, मॅनेजरच्या नाकाखालून. गोलमेज परिषदेत बाबासाहेब अस्पृश्यांसाठी प्रतिनिधित्व मागून आले त्याला तेव्हा दोन-तीन वर्षेच झाली होती. पृथ्वीच्या दोन टोकांना एकाच दशकात एकच मागणी! ऑस्ट्रेलियन सरकारने 1938 साली ठरवले की हा अर्ज राजाकडे पाठवण्यात काही अर्थ नाही. त्याच वर्षी 26 जानेवारीला, गोऱ्यांच्या आगमनाचा दीडशेवा वाढदिवस सिडनीत धूमधडाक्यात चालू असताना, कूपर, जॅक पॅटन आणि विल्यम फर्ग्युसन यांनी मूळनिवाशांना जमवून शोकदिन पाळला.

इकडे कमेराची हालत बिघडत चालली होती. घरे पडायला आली, रेशन निकृष्ट, क्षयाने माणसे खंगत होती. वस्तीने मॅनेजरला बदला म्हणून बोर्डाकडे अर्ज केला. बोर्डाने काय करावे? तो अर्ज त्याच मॅनेजरकडे पाठवून दिला! त्याने तो कचेरीत लावला आणि ज्यांना सही मागे घ्यायची असेल त्यांनी नाव खोडून जावे, असे सांगितले. आम्ही वर्षानुवर्षे सरकारी टपालात वावरलो आहोत. तक्रार ज्याच्याविरुद्ध, त्याच्याच टेबलावर 'उचित कार्यवाहीसाठी' येऊन पडते, हा प्रकार आम्ही चांगला ओळखतो.

4 फेब्रुवारी 1939 रोजी कमेराच्या लोकांनी अर्ज लिहिणे थांबवले. जॅक पॅटन सिडनीहून आला होता, त्याने राज्याच्या पंतप्रधानाला तार करून चौकशीची मागणी केली. दीड-दोनशे माणसांनी पोरेबाळे, अंथरुणे, भांडीकुंडी घेतली आणि मरे नदी ओलांडून ते पलीकडच्या बार्माच्या काठावर जाऊन बसले. नदी ओलांडली की राज्य बदलते, मॅनेजरचा हुकूम संपतो. लोकांना वस्ती सोडण्यास चिथावले म्हणून पॅटनला अटक झाली. काठावरची पाले कित्येक महिने हलली नाहीत. मेलबर्नहून कूपर यांची लीग आणि काही कामगार संघटना मदत पाठवीत होत्या. आपले घर, आपल्या हाताने साफ केलेले रान नदीपलीकडे दिसत असताना पालात हिवाळा काढणे म्हणजे काय, हे ज्यांनी गावकीचा बहिष्कार सोसून गाव सोडले आहे त्यांनाच समजेल.

पुष्कळ कुटुंबे परत गेलीच नाहीत. ती एचुका, मुरुप्ना, शेपर्टन या गावांच्या कडेला, नदीच्या पुराच्या पट्ट्यात पत्रे आणि गोणपाटाची झोपडी करून राहिली आणि फळबागांत मजुरी करू लागली. 1954 साली राणीचा दौरा निघाला तेव्हा झोपड्या दिसू नयेत म्हणून रस्त्याच्या कडेने गोणपाट लावले होते, असे तिथले जुने लोक सांगतात. शेतकरी लोक पुन्हा गावकुसाबाहेर गेले. गावकूस दगडाचे नव्हते एवढेच.

पण जेम्स मास्तरची शाळा वाया गेली नाही. कमेरातच 1906 साली जन्मलेला डग निकोल्स मेलबर्नला फुटबॉल खेळायला गेला, तेव्हा एका नामांकित क्लबात त्याच्या अंगाला वास येतो म्हणून मालीश करायला कोणी तयार होईना. दुसऱ्या क्लबातून खेळून तो नाव कमावता झाला, पुढे पाद्री झाला, समाजाचा पुढारी झाला आणि 1976 साली साउथ ऑस्ट्रेलिया राज्याचा गव्हर्नर झाला. 1967 सालच्या सार्वमतात शंभरातील नव्वद मतदारांनी मूळनिवाशांच्या बाजूने कौल दिला, त्यामागे त्याच्या पिढीची वणवण आहे.

जमिनीचे काय झाले? 1983 च्या कायद्यानुसार 1984 साली कमेरागंजाची जमीन तिथल्या मूळनिवासी भूमी परिषदेच्या मालकीची झाली. 1907 नंतर 77 वर्षांनी! योर्टा योर्टा समाजाने नंतर आपल्या मोठ्या पारंपरिक प्रदेशावर हक्क सांगितला. 1998 साली न्यायाधीशांनी तो फेटाळला. त्यासाठी जे पुरावे धरले त्यांत तो 1881 चा अर्ज होता. तुम्ही शेतीसाठी जमीन मागितली, स्थिर जीवन पत्करले, म्हणजे तुमची परंपरा तेव्हाच खंडित झाली होती, असा निष्कर्ष त्यातून काढला गेला. शिकार संपली म्हणून नांगर मागितला आणि नांगर मागितला म्हणून हक्क गेला! 2002 साली सर्वोच्च पातळीवरच्या न्यायालयाने, सातपैकी पाच विरुद्ध दोन मतांनी, तोच निकाल कायम ठेवला.

कूपर यांच्या त्या 1814 सह्यांच्या अर्जाची प्रत 2014 साली राणीकडे पोचवण्यात आली. पार्लमेंटापुढे मूळनिवाशांची बाजू मांडणारी कायमची संस्था असावी, एवढ्या माफक प्रश्नावर 14 ऑक्टोबर 2023 रोजी सार्वमत झाले आणि शंभरातील साठ मतदारांनी नको म्हटले. कूपर आणि निकोल्स, दोघेही कमेराच्या दफनभूमीत आहेत, आणि त्या दफनभूमीचा कागद आता वस्तीच्या नावावर आहे.