जिन्याची पाळी कोणाची?

श्टुटगार्टला येऊन आम्हाला दुसराच आठवडा होता. संध्याकाळी दार उघडलं तर कडीला एक पाटी अडकवलेली. शेजारणीने खाणाखुणा करून समजावलं, या आठवड्यात जिना झाडण्या-पुसण्याची पाळी तुमच्या घराची. या भागातली ही जुनी रीत. तिला म्हणतात 'केरवोखे'. आपल्या कानांना त्यात पहिला 'केर'च ऐकू येतो!

पाटी घराच्या नावाची असते, बाईच्या नव्हे. तरी आमच्या इमारतीत झाडू दिसतो तो बहुधा बायकांच्याच हातात. मीही मुकाट्याने उचलला. पुण्यात मी आठ वर्षं समुपदेशन केंद्रात काम केलं, घरकामाच्या वाटणीवर शिबिरं घेतली. आणि इथे "तू घरीच असतेस ना" हे नवऱ्याचं वाक्य मला चक्क पटलं. हे इतक्या सहज कसं झालं, याचा विचार करताना जे लक्षात आलं ते मैत्रिणींपुढे मांडते आहे.

नवऱ्याचं ऑफिस इंग्रजीत चालतं, घर मात्र जर्मनमध्ये. नव्या पत्त्याची दोन आठवड्यांत नोंदणी, पोस्टाने येणारी सरकारी पत्रं, विमा, घरमालक, कोणता कचरा कोणत्या डब्यात, रविवारी दुकानं बंद म्हणून शनिवारची धावपळ, हे सगळं बाईच्या वाट्याला. म्हणजे भाषेची गरज तिलाच जास्त. पण "मुलं जरा मोठी झाली की बघू" म्हणून पुढे ढकलला जातो तो तिचाच भाषेचा वर्ग. माझ्या एम.एस.डब्ल्यू.चंही तेच. समाजकार्यात नोकरी करायची तर पदवीला इथली मान्यता हवी आणि उत्तम जर्मन हवं.

दुसरी गोष्ट पैशाची. एक कमावतो आणि दुसरी कमी कमावते किंवा कमावत नाही, तेव्हा करासाठी बहुतेक जोडपी नवऱ्याला तिसरा वर्ग आणि बायकोला पाचवा घेतात. त्याच्या पगारातून कमी कापलं जातं, तिच्या पगारातून जास्त. वर्षाअखेरी हिशेब जुळतो, तो एकत्र. पण तिच्या हाती दरमहा थोडेच पैसे पडतात. मग "एवढ्याशा पगारासाठी कशाला दगदग?" असं ऐकवलं जातं. बाळंतपणानंतरचा पालकभत्ता आणि बेकारभत्ता हातात पडणाऱ्या पगारावर ठरतात, तेही कमीच. दोघांनी चौथा वर्ग घेण्याची सोय आहे, पण ती तिला कोण सांगतो?

सगळ्यांत मोठी गोष्ट परवान्याची. नवऱ्यासोबत आलेल्या बायकोचा राहण्याचा परवाना त्याच्या परवान्याला जोडलेला असतो. वेगळं व्हावं लागलं तर स्वतःच्या हक्काने राहण्यासाठी एरवी इथे तीन वर्षांचा एकत्र संसार झालेला असावा लागतो. २०११ पूर्वी ही मुदत दोन वर्षांची होती, ती वाढवली. घरात मारहाण होत असेल तर या अटीतून सूट मिळू शकते. पण "तक्रार केलीस तर तुलाच परत पाठवतील" या धमकीने गप्प बसलेली बाई मी इथे पाहिली. तिला ना या सुटीची माहिती होती, ना ११६ ०१६ या फुकट, चोवीस तास आणि अनेक भाषांत चालणाऱ्या मदतीच्या फोनची.

गावाकडचे नातेवाईक म्हणतात, "तिकडे बायका किती स्वतंत्र!" आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजींना विचारा. पश्चिम जर्मनीत १९७७पर्यंत कायदाच सांगत होता की संसाराच्या कर्तव्यांत अडथळा येत नसेल तरच पत्नीने नोकरी करावी. बायकांसाठीचं पहिलं आश्रयघर पश्चिम बर्लिनमध्ये १९७६ साली निघालं, तेही बायकांच्या चळवळीमुळे. इथल्या बायकांना जे मिळालं ते भांडून मिळालं. विमानातून उतरल्याबरोबर ते आपल्या पदरात पडत नाही.

मुलीला परदेशी पाठवताना आपण बॅगेत गोडा मसाला, मेतकूट, लोणचं न विसरता भरतो. त्याच बॅगेत तिच्या पदवीची आणि विवाहनोंदणीची कागदपत्रं जाऊ द्यात, आणि पासपोर्ट तिच्याच ताब्यात राहू द्यात. निघण्याआधी तिला भाषेचे धडे मिळावेत. तिथे पोचल्यावर तिच्या एकटीच्या नावाचं बँक खातं असावं. न वाचता कुठल्याही कागदावर सही करायची नाही, हे तिला पक्कं ठाऊक असावं. हा नवऱ्यावरचा अविश्वास नव्हे. ज्या नात्यात एकाच्या हाती दुसऱ्याचा परवाना असतो, तिथे बरोबरी आपोआप येत नाही, ती ठरवून आणावी लागते.

आमच्याकडे सुरुवात जिन्यापासून झाली. आता पाटी लागली की एकदा तो झाडतो, एकदा मी. आणि त्याच्या पाळीच्या आठवड्यात माझा भाषेचा वर्ग बुडत नाही.