तंबूतली पहाटेची पोटदुखी

जूनचा पहिला जोरदार पाऊस झाला की बदलापूर-वांगणीच्या पट्ट्यात रात्री ओढ्यांच्या काठाने बॅटऱ्या चमकू लागतात. अंडी घालण्यासाठी मासे नदीतून ओढ्यात आणि ओढ्यातून भातखाचरांत चढतात. वलगणीचे मासे पकडायला घरेच्या घरे बाहेर पडतात. (गाभोळीने भरलेला मासाच उचलला तर पुढच्या वर्षी नदीत काय उरणार, हा प्रश्न वेगळा.) अलीकडे या हौसेत शहरी कुटुंबांचीही भर पडली आहे. शनिवारी दुपारी गाडी काढायची, मुरबाड किंवा कर्जतच्या बाजूला पाण्याकाठी तंबू घ्यायचा, मुलांच्या हातात गळ द्यायचा आणि रात्री निखाऱ्यावर मासे भाजायचे. फाळणीनंतर निर्वासितांनी लष्करी छावणीच्या बराकींत संसार थाटले, म्हणून उल्हासनगरच्या वस्त्यांना आजही कॅम्प एक, कॅम्प दोन म्हणतात. त्याच घरांतली नातवंडे आता पैसे मोजून हौसेने तंबूत झोपतात!

यात वाईट काहीच नाही. मोबाइल बाजूला ठेवून मूल दोन तास गळाकडे पाहत बसते, हे कोणत्याही टॉनिकपेक्षा चांगले. पाण्याची भीती बहुतेक पालकांना असतेच, आणि ती असावीच. उल्हास नदीचा उगम वर राजमाचीच्या डोंगरात आहे, त्यामुळे घाटात कोसळलेला पाऊस खाली पूर होऊन येतो. 27 जुलै 2019 रोजी बदलापूर-वांगणीदरम्यान पुरात अडकलेल्या महालक्ष्मी एक्स्प्रेसमधून हजारावर प्रवाशांना बाहेर काढावे लागले होते. पावसाळ्यात धबधब्यांवर आणि धरणांवर मनाई आदेश निघतात, ते पाळावेत. पण ज्या धोक्याचा विचार सहसा कोणी करत नाही, तो पाण्यात नसतो. तो रात्री जमिनीवरून येतो.

मण्यार हा निशाचर साप. उंदीर, पाली, इतर साप यांच्या मागावर तो फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरतो. झोपेत माणूस कूस बदलतो आणि दंश होतो. हा दंश बहुतेक वेळा दुखत नाही. डास किंवा मुंगी चावल्यासारखे वाटते, काहींना जागही येत नाही. सूज नाही, रक्त नाही, कधी दातांची खूणही सापडत नाही. दोन-तीन तासांनी पोटात कळ येते, उलटी होते. रात्री भाजलेला मासा खाल्लेला असतोच, त्यामुळे घरचे म्हणतात, बाधले असेल. अ‍ॅसिडिटीची गोळी दिली जाते. पहाटे मुलाच्या पापण्या जड होतात, तर वाटते झोप पुरी झाली नाही. मग थुंकी गिळता येत नाही, आवाज घोगरा होतो, मान धरवत नाही. तोवर विष श्वासाच्या स्नायूंपर्यंत पोहोचलेले असते.

म्हणून उघड्यावर किंवा तंबूत रात्र काढलेल्या माणसाला पहाटे पोटदुखी आणि जड पापण्या असा त्रास झाला, तर साप दिसला नसला तरी तो सर्पदंशच समजावा आणि थेट रुग्णालय गाठावे. मण्यारीचे विष मज्जातंतूंच्या टोकांनाच इजा करते. एकदा इजा झाली की प्रतिविष ती मागे फिरवू शकत नाही. ते फक्त रक्तातले मोकळे विष निकामी करते. त्यामुळे लवकर पोहोचण्याला एवढी किंमत. उशीर झाला तरी आशा सोडू नये. व्हेंटिलेटरवर काही दिवस श्वास चालू ठेवला तर मज्जातंतू सावरतात आणि रुग्ण चालत घरी जातो.

घोणस वेगळी. तिचा दंश प्रचंड दुखतो, सूज चढते, रक्त गोठेनासे होते, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. रुग्णाचे रक्त कोरड्या काचनळीत 20 मिनिटे स्थिर ठेवून ते गोठते का पाहणे, एवढी साधी तपासणी त्यासाठी पुरते. गळ टाकणाऱ्यांना मात्र सर्वाधिक भेटते ती बिनविषारी पाणदिवड. ती चावते कडकडून, पण विष नसते. तरीही हा निर्णय पाण्याकाठी कोणी घेऊ नये. साप मारण्यात किंवा पकडण्यात वेळही घालवू नये.

करकचून दोरी बांधणे, ब्लेडने कापणे, तोंडाने विष ओढणे या तिन्ही गोष्टी चित्रपटांनी शिकवल्या आणि तिन्हींनी नुकसानच होते. अंगठी-बांगड्या काढाव्यात, हाड मोडल्यावर बांधतात तसा हात-पाय फळीने स्थिर करावा, रुग्णाला चालवू नये आणि 108ला फोन करावा. मुलांना प्रतिविष कमी द्यावे असा समज पालकांत असतो. तो चूक आहे. साप लहान मूल पाहून विष कमी सोडत नाही, म्हणून मात्रा मोठ्यांइतकीच असते, सुरुवातीलाच 8 ते 10 कुप्या.

तंबूची चेन पूर्ण लावणे, तळ शिवलेला तंबू घेणे, माशांची घाण आणि उरलेले अन्न लांब पुरणे, रात्री बॅटरी आणि बूट यांशिवाय न उतरणे, एवढ्याने बराच धोका टळतो. नेपाळच्या तराईतल्या पाहणीत मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंश कमी झाल्याचे दिसले होते.

देशात वर्षाला सुमारे 58 हजार माणसे सर्पदंशाने दगावतात, असा अंदाज आहे. हे मृत्यू 2030पर्यंत निम्मे करण्यासाठी केंद्राने 2024मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा आणला. पण तंबू भाड्याने देणाऱ्यांना त्याची झळ अजून लागलेली नाही. जाहिरातीत बार्बेक्यू, संगीत, बोनफायर सगळे असते. प्रतिविष असलेले जवळचे सरकारी रुग्णालय किती किलोमीटरवर आहे, हे नसते. परवाना देताना ही एक ओळ आणि रात्री तयार उभी एक गाडी सक्तीची करायला मोठा खर्च लागत नाही. तोवर तंबू आरक्षित करणाऱ्यांनीच आधी तिथल्या ग्रामीण रुग्णालयात फोन करून दोन प्रश्न विचारावेत: रात्री डॉक्टर असतात का, आणि प्रतिविष शिल्लक आहे का?